जुन्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग वाजत नाही? ऑनलाइन एमपी थ्री करायची पद्धत

आपल्या सोलापुरात बऱ्याच घरी कपाटात एखादा बंद पडलेला बटणांचा फोन असतो, आणि त्याच्या मेमरी कार्डात गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेत, नंदीध्वज जाताना केलेलं रेकॉर्डिंग, नाहीतर शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या आजीने म्हटलेलं बतकम्मा सणाचं तेलुगू गाणं असं काहीतरी पडून असतं. कार्ड नवीन फोनला लावलं की फाइल दिसते पण वाजत नाही. मग लोक म्हणतात फाइल करप्ट झाली आणि कार्ड फॉरमॅट मारतात. कृपा करून असं करू नका, फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते, फक्त फॉरमॅट जुना असतो.

सगळ्यात आधी अख्खं कार्ड कॉम्प्युटरवर कॉपी करा. कॉपी केल्यावर प्रत्येक फाइलची 'मॉडिफाइड' तारीख बघा, फोनमधली तारीख बरोबर लावलेली असेल तर रेकॉर्डिंग कधीचं ते तिथेच कळतं, आणि ही तारीख लगेच फाइलच्या नावात टाका, म्हणजे '२००९-०१-१३ अक्षता सोहळा' असं. कारण कन्व्हर्ट होऊन जी नवीन फाइल येते तिच्यावर आजची तारीख पडते आणि चार वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही की हे कुठल्या संक्रांतीचं.

आता फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे ते बघा. जुन्या मोबाइलचं असेल तर बहुतेक एएमआर नाहीतर थ्रीजीपी. विंडोज एक्सपीच्या काळात सीडीवरून गाणी उतरवली असतील तर डब्ल्यूएमए. नेटवरून घेतलेलं फार जुनं असेल तर आरएम किंवा आरए, म्हणजे रिअल ऑडिओ, ते १९९५ मध्ये आलं होतं. आणि व्हॉट्सअपच्या व्हॉइस नोट ओपस असतात, त्याही कधीकधी दुसरीकडे वाजत नाहीत. नाव बदलून एएमआरच्या जागी एमपी थ्री लिहिलं की काम होतं असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे, नुसतं नाव बदलल्याने आतला डेटा तोच राहतो.

एखाद-दुसरी फाइल असेल तर ऑनलाइन साइट बरी. झमझार आहे, क्लाउडकन्व्हर्ट आहे, दोन्ही बरीच वर्षं चालू आहेत. फाइल अपलोड करा, एमपी थ्री निवडा, कन्व्हर्ट दाबा, डाउनलोड करा, एवढंच. पण साइटचा पत्ता नीट बघून उघडा, सर्चमध्ये वर जाहिरात आली म्हणून तिथेच क्लिक नको. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने फुकट कन्व्हर्टरच्या नावाखाली व्हायरस टाकणाऱ्या साइटबद्दल इशारा दिला होता. गाणं मागितलं आणि हातात ईएक्सई किंवा एपीके, म्हणजे गाण्याऐवजी प्रोग्रॅमची फाइल, आली तर उघडूच नका, डिलीट करा. आणि ज्यात घरच्या जमिनीची, पैशाची, दवाखान्याची बोलणी आहेत ते रेकॉर्डिंग कुठल्याच साइटवर चढवू नका, त्यासाठी कॉम्प्युटरवरचा व्हीएलसी प्लेअर आहे की. मीडिया मेनूत 'कन्व्हर्ट / सेव्ह', फाइल जोडायची, प्रोफाइलमध्ये एमपी थ्री, खाली सेव्ह करायची जागा दिली आणि स्टार्ट. नेटसुद्धा लागत नाही, त्यामुळे ढीगभर फाइली असतील तरी हेच सोपं पडतं.

सेटिंगमध्ये लोक हमखास ३२० केबीपीएस टाकतात, केबीपीएस म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती डेटा. एएमआरला त्याचा काही उपयोग नाही. एएमआर बनलं फोनवरच्या बोलण्यासाठी, ते सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजतं आणि जास्तीत जास्त १२.२ केबीपीएसवर साठवतं, म्हणजे तासाभराचं रेकॉर्डिंग साडेपाच एमबीत बसतं. त्यामुळे त्यात ४००० हर्ट्झच्या वरचे उंच, बारीक आवाज नसतातच. म्हणून यात्रेतला 'भक्तलिंग हर्र बोला हर्र' हा जयघोष स्पष्ट ऐकू येतं पण झांजेची खणखण बोथट आणि हलगी पाण्यातून आल्यासारखी वाटते. विटलेली चादर नव्या पेटीत ठेवली म्हणून रंग परत येत नाही, तसंच हे, ३२० केल्यावर त्याच तासाचे १४४ एमबी होतील आणि आवाज आहे तसाच राहील. मोनो, ६४ केबीपीएस पुरे, तासाला साधारण २९ एमबी. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा ते, मात्र ४४१०० ठेवा, म्हणजे गाडीतल्या जुन्या प्लेअरवर पण वाजेल.

कापायचं जोडायचं असेल तर थेट एमपी थ्री नको, आधी डब्ल्यूएव्ही करा, त्यात आवाज दाबला जात नाही, मग ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये काम करा आणि अगदी शेवटी एकदाच एमपी थ्री. दर वेळी एमपी थ्रीतून परत एमपी थ्री केलं की थोडा थोडा आवाज जातोच. ऑडॅसिटीत एएमआर किंवा डब्ल्यूएमए थेट उघडायचं तर एफएफएमपेग लायब्ररी वेगळी टाकावी लागते. आणि 'नॉइज रिडक्शन'चं बटण दिसलं म्हणून दाबू नका हो. आजीच्या गाण्यामागे यंत्रमागाची खटखट आहे ती कचरा नाही, त्या घरात गाणं तसंच ऐकू यायचं. शिवाय एएमआरमध्ये आवाज आधीच इतका दाबलेला असतो की खटखट काढायला गेलं की गाण्यातली अक्षरंही खाल्ली जातात.

डब्ल्यूएमएची एक अडचण आहे, काही फाइलींना डीआरएमचं, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं, कुलूप असतं, ऑनलाइन साइट असो की व्हीएलसी, तिथे एररच येतो. अशा वेळी मूळ सीडी घरात असेल तर तीच परत उतरवून घ्या.

झालं की नवीन फाइल पूर्ण ऐका, निदान सुरुवात, मध्य आणि शेवट तरी, आणि जुन्या-नव्या फाइलींची मिनिटं-सेकंदं जुळतात का बघा, मोठ्या फाइलीत नेट तुटलं की शेवटचा भाग कापला जातो. मूळ एएमआर मात्र डिलीट करायची नाही, साडेपाच एमबीला जागा ती किती लागते. पाहुण्यांना एमपी थ्री पाठवा, एएमआर पेनड्राइव्हवर एक आणि गूगल ड्राइव्हवर एक अशी दोन ठिकाणी ठेवा.