नाळेखालचे पंख: लाटेच्या जोरावर चालणारी होडी घरी कशी बनवाल

समोरून लाट येत असली की इंजिनरूममध्ये ती आधी कानाला कळते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर चढते, आपटून खाली जाते, मागचा प्रॉपेलर पाण्याबाहेर डोकावतो आणि इंजिन एकदम किंचाळतं. मागचा भाग पुन्हा बुडाला की तेच इंजिन दबून जातं. तासन्‌तास हेच. तेल जळत असतं आणि बोट पुढे सरकायची ती डोलतच राहते. बोटीवरच्या नोकरीत मी हे वर्षानुवर्षं ऐकलं. त्या डोलण्यातूनच बोटीला पुढे रेटता येतं, हे मात्र रत्नागिरीला घरी आल्यावर, आठवीतल्या भाच्याबरोबर ९० सेंमीची होडी करताना डोळ्यांनी पाहिलं. तीच कृती देतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. विहिरीत टाकलेलं नाणं सरळ बुडत नाही, तिरकं सटकत जातं. नाळेखाली आडवा पंख बसवायचा, पुढची धार पक्की आणि मागची थोडी सैल. नाळ खाली गेली की पाणी मागची धार वर दाबतं आणि पंख पुढे सटकतो. नाळ वर आली की मागची धार खाली राहते आणि पंख पुन्हा पुढेच सटकतो. दोन्ही वेळा तो नाळेच्या हालचालीला अडवतो, म्हणून डोलणंही कमी होतं.

होडीसाठी दाट थर्मोकोल घ्या: ९० सेंमी लांब, २० सेंमी रुंद, नाळेकडे निमुळता. त्याला थेट ऑइलपेंट किंवा सोल्यूशनचा गम लावू नका, थर्मोकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉलचे दोन हात देऊन वाळू द्या. मागे खाली एक उभी पट्टी पक्की बसवा, नाहीतर होडी लाटेला आडवी होते.

पंख ६ मिमी मरीन प्लायचा, २४ सेंमी बाय ६ सेंमी. पुढची धार गोल, मागची पॉलिशपेपरने घासून सुरीसारखी, सगळ्यात जाड भाग पुढून एक तृतीयांशावर. माशाचा पर हाताळून पाहिलात तर हाच आकार बोटांना लागतो. पुढच्या धारेपासून १ सेंमीवर खालून खाच पाडा आणि त्यात सायकलचा स्टीलचा स्पोक अॅरल्डाइटने बसवा. दोन्ही टोकं थोडी बाहेर राहू द्या. नाळेवर, उलांडीची (होडी कलंडू नये म्हणून बाजूला लावतात त्या तरंगत्या ओंडक्याची) काठी असते तशी एक आडवी काठी स्क्रूने पक्की करा. तिच्या दोन टोकांना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या सोडा आणि त्यांच्या भोकांत स्पोक फिरता ठेवा. पंख पाण्याखाली १५ सेंमी असावा. वर राहिला तर हवा ओढतो. फार खाली नेला तर तिथे लाटेची हालचाल उरत नाही. पट्ट्या स्पोकच्या खाली ४ सेंमी जास्त ठेवा.

खरं काम इथून पुढे. पंखाच्या मागच्या धारेच्या दोन्ही टोकांपासून रबर बांधायचे: एक पट्टीवर स्पोकच्या ४ सेंमी वर, एक ४ सेंमी खाली. आम्ही पहिल्यांदा अगदी पातळ रबर लावले. पंख निशाणासारखा फडफडला, होडी जागची हलली नाही. मग जाड लावून पंख जवळजवळ गच्च केला. तरीही होडी जागेवरच नाचली. भाचा हिरमुसला. मी वहीत आकडेमोड केली. नाळ ०.८ सेकंदात एकदा वर-खाली होते, मधल्या जागेपासून ४ सेंमी. म्हणजे तिचा उभा वेग सेकंदाला सुमारे ३१ सेंमीपर्यंत जातो. होडी पुढे ३० सेंमीने जाईल असं धरलं, तर पंखावर पाणी ४५ अंशांत येतं! साधारण १५ अंशांच्या पुढे पंखावरचा प्रवाह सुटतो आणि जोर जातो. म्हणजे पंखाने ३० अंश तरी वळायलाच हवं. तेवढा वळेपर्यंत एकेक रबर कमी करत गेलो आणि त्याच्या पुढे जाऊ नये म्हणून मागच्या धारेला दोरा बांधला. त्या संध्याकाळी भाट्ये खाडीत होडी लाटेच्या तोंडावर, मोटर नसताना, चालत गेली. भाचा कमरेइतक्या पाण्यात तिच्यामागे धावत होता.

मोठ्या बोटीचं गणित वेगळं. १२ नॉट म्हणजे सेकंदाला ६.२ मीटर. नाळ ८ सेकंदांत एकदा दीड मीटर वर आणि दीड मीटर खाली गेली, तर कोन ११ अंशांच्या आतच राहतो. तिथे पंख न वळवताही काम भागतं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या टेइस्टिन या फेरीबोटीला २०१९ साली नाळेत आत ओढून घेता येणारे पंख बसवले. आत ओढायची सोय महत्त्वाची, कारण शांत पाण्यात पंख म्हणजे नुसता अडथळा. हळू चालणाऱ्या होडीचं उदाहरण जपानचं. तोकाई विद्यापीठाच्या युताका तेराओंनी नाळेखाली दोन पंख बसवलेली होडी तयार केली आणि जपानी दर्यावर्दी केनइची होरिए मार्च ते जुलै २००८ मध्ये ती एकट्याने होनोलुलूहून जपानला घेऊन गेले.

लाट निवडताना सेकंद मोजा. ०.८ सेकंदाला एक लाट म्हणजे तिची लांबी सुमारे १ मीटर. या होडीला तीच मानवते. फार लांब लाटेवर होडी नुसती उचलली जाते, फार आखूड लाट तिला जाणवतही नाही. आधी पंख काढून आणि मग लावून, नाळेवर मोजपट्टी चिकटवून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. नाळ किती सेंटीमीटर कमी उडते ते चौकट-चौकट थांबवून वाचता येतं.

भरतीच्या किंवा ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडापाशी मुलांना पाण्यात उतरवू नका, आणि होडीला लांब दोरी बांधलेलीच ठेवा. घरी आल्यावर स्पोकची भोकं गोड्या पाण्याने धुवा आणि रबर सोडून ठेवा. ताणलेले राहिले तर आठवड्यात ढिले पडतात आणि पुन्हा सगळं जुळवत बसावं लागतं.