मोहरीचा मध पोळ्यात गोठण्याआधी कसा काढावा

उत्तर भारतात थंडीत मोहरी फुलते, तेव्हा फिरते मधपाळ मेलिफेरा या युरोपीय जातीच्या माश्यांच्या पेट्या राजस्थानातील भरतपूरसारख्या भागांत नेऊन ठेवतात. मध भरपूर मिळतो, पण तो हट्टी असतो. त्यात ग्लुकोजचे प्रमाण जास्त असल्यामुळे बरणीत तो काही आठवड्यांत रवाळ होतो, आणि उशीर झाला तर पोळ्याच्या घरांतच बसतो. मग मधयंत्र कितीही फिरवले तरी मेण तुटते, मध येत नाही. म्हणून या मधाची तयारी पेट्या ठेवण्याच्या जागेपासूनच करावी.

प्रथम नकाशावर नियोजित जागेभोवती 1 आणि 3 किलोमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे काढावीत. आपली देशी सातेरी माशी साधारणपणे आतल्या वर्तुळात चरते. मेलिफेरा बाहेरच्या वर्तुळापर्यंत सहज जाते आणि जवळ फुलोरा नसेल तर त्याहूनही लांब जाते. त्रिज्या तिप्पट झाली की क्षेत्र नऊपट होते, म्हणजे सुमारे 314 हेक्टरांचे 2,800 हेक्टरांहून अधिक होतात. एवढ्या शिवारात कोण कधी फवारणी करणार आहे, याची चौकशी आधीच केलेली बरी. लांबून येणारी माशी आणलेल्या मकरंदाचा काही भाग उडण्यातच खर्च करते, त्यामुळे पेट्या पिकाच्या बांधालगत ठेवाव्यात.

माश्या प्रत्यक्षात किती दूर जातात, हे पोळ्यावर पाहता येते. ऊन असताना पिलाव्याच्या कोठीतील (पेटीच्या ज्या भागात अंडी-अळ्या वाढतात त्यातील) दाराजवळची चौकट, म्हणजे पोळे धरणारी लाकडी फ्रेम, सावकाश उचलावी आणि धूर कमीत कमी द्यावा. परतलेली माशी पोटाकडचा भाग थरथरवत सरळ रेषेत चालते, वळून मूळ जागी येते आणि पुन्हा तेच करते. कार्ल फॉन फ्रिश यांनी या नाचाचा अर्थ उलगडला. 1973 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. थरथरीचा एक सेकंद म्हणजे ढोबळमानाने एक किलोमीटर. शेत बांधाला लागून असूनही बहुतेक नाच दोन-तीन सेकंदांचे दिसले, तर माश्या दुसऱ्याच फुलांवर आहेत असे समजावे आणि त्या मधाला निव्वळ मोहरीचा म्हणू नये.

आता काढणीची वेळ. चौकटीतील दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश घरांवर मेणाची झाकणे आली की मध काढावा. सगळी झाकणे होण्याची वाट पाहण्याची चैन या मधात परवडत नाही. उघड्या घरांतील मध पिकला आहे का, हे पाहण्यासाठी चौकट आडवी धरून एक झटका द्यावा. थेंब उडाले तर तो कच्चा आहे. रिफ्रॅक्टोमीटर असल्यास पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आत असल्याची खात्री करावी. थंडीतल्या सकाळी मध घट्ट असतो, म्हणून चौकटी आदल्या रात्री उबदार खोलीत ठेवाव्यात, झाकणे कापावीत आणि यंत्र आधी हळू, मग वेगाने फिरवावे.

तरीही काही घरांच्या तळाशी पांढरा रवा राहतोच. अशा चौकटींवर कोमट पाणी शिंपडून त्या संध्याकाळी त्याच वसाहतीला परत द्याव्यात. दुसऱ्या वसाहतीला दिल्यास रोग पसरू शकतो आणि दिवसा दिल्यास इतर वसाहतींच्या माश्यांची मधासाठी लूटमार सुरू होते. पाणी न शिंपडल्यास माश्या कोरडे कण बाहेर फेकतात आणि दारासमोर पांढरा सडा पडतो.

काढलेला मध लगेच गाळून कोरड्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात भरावा. गोठताना स्फटिकांमधल्या पातळ भागात पाण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे आधीच पातळ असलेला मध गोठल्यावर आंबू शकतो. गोठलेला मध म्हणजे साखरेची भेसळ, हा ग्राहकांचा समज चुकीचा आहे आणि विक्रेत्याने तो लेबलवरच दूर करावा. मध पातळच हवा असेल तर बरणी सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही तास ठेवावी. थेट आचेवर कधीच ठेवू नये. माझे मत विचाराल तर हा मध मुद्दाम मऊसर गोठवलेलाच उत्तम लागतो. त्यासाठी पातळ मधात दहावा हिस्सा बारीक रव्याचा जुना मध नीट मिसळावा आणि बरण्या 14 अंशांच्या आसपास ठेवाव्यात; आठवडा-दोन आठवड्यांत तो पोळीवर लोण्यासारखा पसरतो.