कात्रणांचे चौकोन जोडताय? मग या चुका टाळा

शहापुरात आमच्या पुढच्या खोलीत पायमशिन आहे आणि तिच्याखाली बारा महिने कात्रणांची गाठोडी पडलेली असतात. गल्लीत शिंपी, हाकेच्या अंतरावर साड्यांची दुकानं, पलीकडे वडगावात माग. बेळगावात कापडाच्या तुकड्यांना तोटा नाही. आम्ही वाकळ म्हणतो, कन्नड शेजारणी कौदी म्हणतात, पुण्याकडची पाहुणी गोधडी म्हणते. नाव काहीही घ्या, तुकड्याला तुकडा जोडून चौकोन करायचा आणि चौकोनाला चौकोन जोडून पांघरूण, हे काम सगळीकडे तेच. शिकायला येणाऱ्यांच्या चुकाही त्याच असतात. त्यातल्या दोन चुका तर मी इतक्यांदा उसवल्या आहेत की आता त्या लिहूनच काढते.

तुकडे न धुता कापणं

“काकू, एवढंसं तुकडं धुवायला लागतंय काय?” हा प्रश्न दर बॅचला येतो. लागतंय. साडी धुवाल त्याहून जास्त काळजीनं लागतंय, कारण एका वाकळेत पन्नास घरांचं कापड एकत्र येतं. एक तुकडा दहा वर्षं धुतलेल्या धोतराचा, शेजारचा कालच ठाणातून फाडलेला. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, जुनं धोतर आटायचं तेवढं कधीच आटून झालेलं असतं. दोघांना एका शिवणीत बांधलं की पहिल्या धुण्यानंतर नवं आत ओढतं आणि जुन्याला चुण्या पडतात. त्या चुण्या इस्त्रीनं जात नाहीत.

आटणं एक वेळ चालेल, रंग जाणं चालत नाही. माझ्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला मी वाकळ करायला घेतली होती. नऊ तुकड्यांचा चौकोन, मधला तुकडा लाल खणाचा, भोवती आमच्या आजोबांच्या धोतराचं मऊ पांढरं कापड. खणाची कात्रणं एका चोळ्या शिवणाऱ्या बाईंकडून आणलेली, कोरी करकरीत. बारसं आठ दिवसांवर आलं होतं. लहान तुकडे धुतले तर कडांचे धागे सुटतील, असं मनाशी म्हणून मी धुण्याचा टप्पा गाळला. बारशाला सगळ्यांनी वाकळ हातात घेऊन बघितली. चौथ्या दिवशी बाळानं ती ओली केली, बहिणीनं बादलीत भिजत घातली आणि तासाभरानं मला फोन आला. प्रत्येक लाल तुकड्याभोवती गुलाबी डाग फुटले होते. आजोबांचं धोतर एकच होतं, ते पुन्हा कुठून आणणार? ती वाकळ अजून बहिणीकडे आहे, आणि तिच्या घरी गेले की माझी नजर आधी तिच्यावर जाते.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. गाठोडं घरी आलं की आधी रंगाची परीक्षा. पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक गडद तुकड्यावर जोरानं घासायचं. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा वेगळा. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांच्यावर माझा पहिल्या दिवशी विश्वास नसतो. मग तुकडे भाजीच्या जाळीच्या पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधायचं, साध्या पाण्यात तासभर भिजवायचे, हलक्या हातानं खळबळून सावलीत पसरायचे. पिशवीत असले की धागे सुटून गुंता होत नाही. आणि हे सगळं मापात कापायच्या आधी. कापल्यावर धुतलं तर कडा झिरतात आणि माप जातं.

मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, हे मला प्रत्येक जण सांगतो. मीठ कामी येतं ते कापड रंगवताना. एकदा रंगवून झालेल्या कापडातला सैल रंग मीठ धरून ठेवत नाही. रंग सोडणारा तुकडा पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत धुवा. तीन-चार पाण्यांनंतरही सोडत असेल तर तो पांढऱ्याशेजारी लावू नका, गडदांतच ठेवा. मला याहून जवळचा रस्ता सापडलेला नाही.

सुतीत पॉलिस्टर मिसळणं

हल्ली खण म्हणून जे मिळतं ते हाताला खणासारखं लागतं, पण सगळं सूत किंवा रेशीम असेलच असं नाही. शंका आली की कडेचे दोन-चार धागे ओढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरडणारी मऊ राख उरते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर जळता जळता आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. तो मणी दिसला की तुकडा वेगळ्या पिशवीत. सुतीला लागते तेवढी गरम इस्त्री त्यावर फिरली की तो इस्त्रीला चिकटतो आणि शेजारचे चांगले तुकडेही खराब होतात.

मायेचा हिशेब न ठेवणं

ही माझी दुसरी मोठी तक्रार, आणि यावर मी शिकणाऱ्यांशी सगळ्यात जास्त भांडते. शिवणीत आत जाणाऱ्या कापडाला आपण माया म्हणतो. ब्लाउजला माया थोडी कमी-जास्त झाली तर उसवून सैल करता येतं, म्हणून तर आपण ती सोडतो. चौकोनांच्या कामात तशी मुभा नाही. इथे माया पाव इंच म्हणजे पाव इंच, सगळीकडे, पहिल्या शिवणीपासून शेवटच्या शिवणीपर्यंत.

हिशेब करून बघा. चार इंचांचे नऊ तुकडे घेतले, पाव इंच माया धरली, तर चौकोन अकरा इंचांचा होतो. असे सात चौकोन ओळीत लावले की एकवीस तुकडे आणि वीस शिवणी. प्रत्येक शिवणीला दोन्ही बाजूंनी एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त आत गेलं, तर शिवणीमागे पाव इंच गेला. वीस शिवणींचे पाच इंच! एक सूत तर डोळ्यात भरतही नाही.

खानापूरकडच्या एका बचत गटातल्या सात जणींना मी शिकवायला जात होते. त्यांना सगळ्यांनी मिळून एक मोठी वाकळ करायची होती. मी म्हटलं, इथेच बसून शिवू. पण भाताची मळणी सुरू होती, कुणाला वेळ नव्हता. प्रत्येकीनं घरी सात-सात चौकोन करून आणायचे असं ठरलं आणि मी मान्य केलं. तिथेच चुकलं. महिन्यानं एकोणपन्नास चौकोन जमले. रंग इतके सुंदर की बघत राहावं. कुणी इरकली लुगड्याचा काठ लावलेला, कुणी नवऱ्याच्या शर्टाच्या रेघा. आणि मग मी टेप काढला. सगळ्यात लहान चौकोन सव्वादहा इंचांचा, सगळ्यात मोठा सव्वाअकराचा. एकीनं मशिनच्या बुटाची (सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पट्टीची) कड धरून शिवलं होतं, दुसरीनं हातानं धावदोरा घातला होता, तिसरीनं “अंदाजे” माया सोडली होती. दोष कुणाचाच नव्हता, मी त्यांना एकच पट्टी दिली नव्हती. दोन दिवस आम्ही नुसतं उसवत बसलो. मोठे चौकोन छाटून लहानांएवढे करू, असं एक जण म्हणाली. छाटले असते तर कडेचे तुकडे बारीक आणि मधला जाड दिसला असता, म्हणून मी ते करू दिलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून चार इंचांचा चौकोन कापून ठेवलाय. फिल्म वाकते पण झिजत नाही, आणि उजेडाकडे धरली की खालची बुट्टी दिसते, म्हणजे फूल बरोबर मध्ये घेता येतं. पुठ्ठ्याचा साचा वापरू नका. खडू फिरवून फिरवून त्याची कड खाल्ली जाते आणि विसाव्या तुकड्याला माप बदललेलं असतं. चौघी मिळून काम करणार असाल तर एकाच फिल्ममधून चौघींचे साचे कापा.

मशिनच्या पत्र्यावर सुईपासून मोजून पाव इंचावर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावा. कापडाची कड त्या भिंतीला टेकवून सोडायची, हातानं ढकलायचं नाही. मग परीक्षा: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच यायला हवी. कमी आली तर चिकटपट्टी सुईकडे अगदी एक धागा सरकवा, कारण शिवण दुमडताना थोडं कापड घडीतही जातं. बरोबर येईपर्यंत खऱ्या तुकड्यांना हात लावू नका. या परीक्षेला पाऊण तास लागतो. जिला पाऊण तास जड वाटतो तिला मी पुढचं शिकवत नाही, हे सरळ सांगते.

धागा न बघता कापणं

कात्रणाला किनार नसते, मग उभा धागा कुठला? कडेचा एक धागा ओढून काढा, मोकळी झालेली रेघ साच्याच्या कडेला लावा. उरेब, म्हणजे तिरका, कापलेला तुकडा शिवताना लांबतो आणि चौकोनाचा पतंग होतो. तिकोन हवे असतील तर तिकोन कापूच नका. साडेचार इंचांचे दोन चौकोन एकमेकांवर ठेवा, कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा, मग रेघेवर कापा. दोन तयार तुकडे मिळतात, ते चार इंचांवर छाटून घ्या. तिरकी कड शिवणीआधी उघडी पडतच नाही.

इस्त्री ओढणं

इस्त्री ठेवायची आणि उचलायची. ओढली की चौकोन वाकडा. पहिल्या ओळीच्या शिवणी डावीकडे दाबा, दुसऱ्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे जोडताना कोपऱ्याला कोपरा आपोआप बसतो आणि गाठ जाड होत नाही. शक्य तिथे माया गडद कापडाकडे वळवा, नाहीतर पांढऱ्यातून काळी रेघ दिसते.

किरकोळ, पण रोजच्या

बोथट सुई. आजीच्या डब्यातलं जुनं रीळ. हाताला गुंडाळून झटका द्या, तटकन तुटलं तर टाकून द्या. फेविकॉलनं तुकडे चिकटवून वर शिवणं, नको. आत पाच-सहा साड्या भरणं; दोन-तीन पुरतात, जास्त भरल्या तर टाका खालपर्यंत पोचत नाही आणि धुतल्यावर पिळवत नाही. थर एकमेकांवर घातल्यावर वीतभर अंतरावर कच्चे टाके न घालता थेट शिवायला बसणं, यानं खालची साडी गोळा होते. आणि पावसाळ्यात वाकळ पुरी करून ट्रंकेत घालणं. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत काही सुकत नाही, खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका. वाकळ उन्हाळ्यात शिवावी आणि गच्चीवर दोन दिवस दोन्ही बाजूंनी ऊन देऊन मगच घडी घालावी.

बारके तुकडे फेकणं

दोन-अडीच इंचांचे तुकडे केराच्या टोपलीत जाताना बघितले की मला राहवत नाही. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात. त्या आपल्यासारखे चौकोन आधी करत नाहीत. कडेपासून सुरू करून तुकडे लावत, धावदोरा घालत आत मध्यापर्यंत जातात. चारी कोपऱ्यांवर घडीचे छोटे तिकोन लावतात, त्याला ‘फुला’ म्हणतात, आणि फुला नसेल तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मीही आता बारके तुकडे बिस्किटाच्या डब्यात रंगवार ठेवते आणि वाकळ झाली की कोपऱ्यांना लावते. अडीच इंचांचा चौकोन मिळाला तर उत्तम, दोनाचाही चालतो. तो कर्णावर दुमडायचा, परत एकदा दुमडायचा, उघड्या कडा वाकळेच्या काठाच्या घडीत सरकवायच्या आणि दुहेरी दोऱ्यानं तीन टाके घालून मागच्या बाजूला गाठ मारायची.