गुबगुबीत देवनागरी अक्षर करायचंय? आधी आतलं पांढरं सांभाळा

कुडाळ-मालवणात राहून टाइप डिझाइन, म्हणजे फॉन्टची अक्षरं घडवण्याचं काम, करता येतं का, असं मला नवी मुलं विचारतात. येतं. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट आहे. जाड, गोलमटोल अक्षर कुठे लागतं ते बघायला अंगणवाडीची भिंत, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं खोकं आणि कोकम सरबताच्या बाटलीवरचं लेबल इथेच आहे.

पण एक पळवाट आधीच बंद करा. तयार फॉन्ट घेऊन ऑफसेट पाथने, म्हणजे अक्षराची कड सगळीकडून सारखी बाहेर ढकलणाऱ्या कमांडने, फुगवू नका. त्याने जाडी सगळीकडे सारखी वाढते आणि आतल्या पोकळ्या बुजतात. ब आणि ष यांच्या पोटातली तिरकी रेघ गडप झाली की ब चा व होतो, ष चा प. मोठा माणूस अंदाजाने वाचून नेतो. पाच वर्षांचं मूल अजून अक्षरच ओळखायला शिकतंय, ते तिथे अडतं. काना जाड ठेवा, शिरोरेषा त्याहून बारीक, आणि वळण कान्याला मिळतं तिथे आतून कोरून बारीक करा. 'एक टाइप' (Ek Type) या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहे, तो खूप मोठा करून बघा. एवढ्या जाड अक्षरात पोकळीची बारीक चीर कशी राखलीय ते बघण्यासारखं आहे. ओपन फॉन्ट लायसन्समुळे तो बदलताही येतो, मात्र बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.

आता खरा सापळा, ज्यात मी फार काळ अडकले होते. सुटी अक्षरं सुंदर झाली म्हणजे फॉन्ट झाला असं वाटतं. 'मूर्तींना' लिहून बघा. 'तीं'च्या डोक्यावर वेलांटीची कमान, तिच्या टोकाला रफार आणि शेजारी अनुस्वार, तिघांना एकच जागा हवी. जाड अक्षरात तिघं मिळून एक काळा गोळा होतो. टिंब लहान करून भागत नाही, छोट्या आकारात ते दिसेनासंच होतं. या तिघांचा मिळून वेगळा ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधला एक स्वतंत्र आकार, काढा, त्यात कमान सपाट करा, रफार आखूड करा, टिंब उजवीकडे मोकळं सोडा. आणि हे पहिल्या आठवड्यात करा, कारण शिरोरेषेच्या वर किती उंची लागणार ते यावरूनच ठरतं. शेवटी केलंत तर सगळ्या मात्रा पुन्हा काढाव्या लागतात.

ल आणि श हिंदी वळणाचे न देता मराठी वळणाचेच द्या. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात तीच रूपं आहेत आणि शाळेत मुलं तीच गिरवतात. ऱ्य, म्हणजे रफाराऐवजी य ला डावीकडून जोडलेला अर्धा र, विसरलात तर 'दऱ्या'चा 'दर्या' होईल, आणि किनाऱ्यावरचा वाचक तो समुद्रच वाचणार.

गुरूबद्दल माझं मत ठाम आहे. ऑनलाइन कोर्सआधी गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरच्या शेजारी बसा. वळणावर ब्रश कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा, हे त्याच्या मनगटाकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

जोडाक्षरांची यादी बघून हबकू नका. क्ष, ज्ञ, द्ध, ह्म एवढीच आधी घ्या, लेबलाच्या आकारात छापा आणि हातभर अंतरावरून वाचा. ती मोकळी दिसली की बाकीची भराभर होतात.