ओढ्याच्या पाण्याचे काम शिकताना

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील ओढ्यांवर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ओढ्याच्या पाण्याची स्वच्छता शिवारातच राखावी लागते. मार्कंडेय नदीला मिळणाऱ्या बळ्ळारी नाल्यात शहराचे सांडपाणी कोठून येते, हे दाखवता येते. उसाच्या आणि भाताच्या रानांतून उतरणाऱ्या खतांच्या बाबतीत मात्र एका जागी बोट ठेवता येत नाही.

नवख्याने प्रथम नमुन्याची वेळ शिकावी. उन्हाळ्यातील संथ पाण्याचे नमुने पुरेसे नसतात, कारण जूनमधील पहिल्या जोरदार पावसात शेतातील माती आणि खत एकदमच ओढ्यात येते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, नमुना वाहत्या धारेतून घ्यावा आणि बर्फाच्या पेटीत ठेवावा. विरघळलेला प्राणवायू मात्र काठावरच मोजावा.

खतांतील नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि माझ्या मते या कामाचे मर्म येथेच आहे. युरियातील नत्राचे मातीत नायट्रेट होते, ते पाण्यात विरघळून खाली झिरपते आणि विहिरींतही उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. स्फुरद मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून राहतो, म्हणून पावसानंतर तांबूस झालेले पाणी पाहिले की त्यासोबत स्फुरदही वाहून चालला आहे, असे समजावे. काठावर वाळ्याची दाट ओळ लावली की गढूळ पाण्याचा वेग मोडतो, गाळ गवताच्या मुळाशी बसतो आणि पलीकडे निवळ पाणी उतरते. विरघळलेले नायट्रेट मात्र ती ओळ पुरते अडवू शकत नाही. त्यासाठी युरियाचे हप्ते पाडावे लागतात आणि मोठा पाऊस तोंडावर असताना खत टाकणे टाळावे लागते.

ज्याची जमीन वीस गुंठेच आहे, त्याला काठची पट्टी सोडा म्हणणे सोपे नाही. तेथे वाळ्याऐवजी जनावरांना उपयोगी पडणारे हत्तीगवत सुचवावे, म्हणजे वैरणीचीही सोय होते. बोलणे मराठीत झाले तरी जमिनीचा उतारा आणि पंचायतीचे कागद कन्नडमध्ये असतात. म्हणून कन्नड वाचायला शिकावे आणि तपासणीचा अहवाल दोन्ही भाषांत द्यावा, त्यातील आकडे शेतकऱ्याला बांधावर बसून समजावून सांगावेत.