फ्लिक-आं-फ्लाकचा मुक्काम: मॉरिशसच्या उन्हाच्या बाजूला कसे राहावे, कसे फिरावे

मॉरिशसला जायचे ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न हॉटेल कोणते घ्यावे हा असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न बेटाची बाजू कोणती निवडावी हा असायला हवा. सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद अशा या ज्वालामुखीजन्य बेटाच्या मध्यभागी पठार आहे, आणि आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे समुद्रावरून आणलेला ओलावा त्या पठारावर व पूर्वेच्या उतारांवर सांडून मोकळे होतात. पठाराच्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला १००० मिलिमीटरपेक्षाही कमी येतो. सह्याद्री ओलांडताच पाऊस कसा आटतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. इथे फरक इतकाच की पर्जन्यछायेच्या बाजूलाही समुद्र आहे. फ्लिक-आं-फ्लाक हे गाव त्याच छायेत, ब्लॅक रिव्हर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वसलेले आहे, आणि पठारावरच्या क्यूरपीप शहरात छत्री उघडावी लागत असताना तिथे लोक ऊन खात पडलेले असतात.

जाण्याचा काळ निवडताना हे बेट दक्षिण गोलार्धात आहे हे विसरू नये. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा असून तो कोरडा आणि सुखाचा असतो. समुद्राचे पाणी तेव्हा साधारण २३ अंशांवर येते, म्हणजे पोहता येते, पण पहिल्या उडीला अंगावर काटा येतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा उष्ण व दमट असतो आणि तोच चक्रीवादळांचाही काळ असतो. वादळाचे इशारे १ ते ४ अशा श्रेणींत दिले जातात, आणि तिसरी श्रेणी जाहीर झाली की बसगाड्या व दुकाने बंद होतात, त्यामुळे दुसऱ्या श्रेणीलाच पिण्याचे पाणी आणि कोरडा खाऊ खोलीत आणून ठेवावा. जानेवारी २०२४ मधील बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाण्याने मोटारी वाहून नेल्या होत्या, तेव्हा इशारा ही केवळ औपचारिकता नव्हे. मला विचाराल तर सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने सर्वांत चांगले: वारे मंदावलेले असतात, पाणी कोमट होऊ लागलेले असते आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांची गर्दी अजून सुरू झालेली नसते.

कागदपत्रांचा व्याप फारसा नाही. पर्यटनासाठी येणाऱ्या भारतीय नागरिकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही; मात्र परतीचे तिकीट, मुक्कामाचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत, आणि प्रवासापूर्वी सरकारी संकेतस्थळावरचा डिजिटल फॉर्म भरून ठेवावा. मुंबईहून थेट विमानाला सुमारे सहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. चलन मॉरिशस रुपया आहे. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्डाची सोय सुरू झाली असली, तरी किनाऱ्यावरचा अननसवाला आणि बसचा कंडक्टर यांच्यासाठी सुटे पैसे जवळ असावेतच. विजेचे सॉकेट बहुधा ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी पिनांचे असतात, म्हणून आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग चालत नाही. ॲडॉप्टर घरूनच न्यावा.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आणि गाव पश्चिमेला असल्यामुळे टॅक्सीने तासभर तरी मोडतो. टॅक्सीत मीटरने हिशेब होईल असे धरून चालू नये. भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. गावातून पोर्ट लुई आणि पठारावरच्या क्वात्र बोर्न शहराकडे बसगाड्या जातात, त्या स्वस्त आणि विश्वासाच्या आहेत, परंतु संध्याकाळ झाली की त्यांची संख्या झपाट्याने घटते. पोर्ट लुई ते क्यूरपीप धावणारी मेट्रो या किनाऱ्यावर येत नाही. ती पकडायची तर आधी बसने क्वात्र बोर्न गाठावे. एक-दोन दिवसांसाठी मोटार भाड्याने घेणे सोयीचे ठरते, कारण वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. उसाच्या तोडणीच्या हंगामात, म्हणजे जून ते नोव्हेंबरच्या सुमारास, उसाने भरलेल्या ट्रकांमागे सावकाश जाण्याची तयारी मात्र ठेवावी.

गाव देखणे आहे असे म्हणवत नाही. एके काळच्या या कोळीवाडीत किनारी रस्त्याच्या कडेने आता सदनिकांच्या इमारती, खानावळी आणि सहलींची तिकिटे विकणारी दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. सौंदर्य रस्ता ओलांडल्यावर सुरू होते: सुरूच्या झाडांचा लांबच लांब पट्टा, त्याच्या सावलीपलीकडे पांढरी वाळू आणि त्यापुढे प्रवाळभिंतीने अडवलेले उथळ, शांत पाणी. काळ्या बेसाल्टच्या बेटावर वाळू पांढरी कशी, तर ती खडकाची नसून प्रवाळ आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची आहे म्हणून. मोठी हॉटेले दक्षिणेकडच्या वोल्मार भागात आहेत, तर स्वयंपाकघर असलेल्या सदनिका गावाच्या मध्यावर मिळतात. कुटुंबासह आठवडाभर राहणाऱ्यांनी सदनिकाच घ्यावी असे मी सुचवेन. बाजार चालत जाण्याच्या अंतरावर असतो आणि समुद्र तोच असतो. मॉरिशसमध्ये किनारा सार्वजनिक असतो, भरतीच्या रेषेखालची वाळू कोणत्याही हॉटेलच्या मालकीची नसते, म्हणून वोल्मारच्या हॉटेलांपुढून चालत जाताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

समुद्रात उतरताना मात्र कोकणातल्या सवयी बाजूला ठेवाव्यात. आपल्याकडे भरती-ओहोटीत पाणी काही मीटर चढते-उतरते. इथे तो फरक एक मीटरही नसतो, आणि प्रवाळभिंतीच्या आतल्या पाण्याला लाट म्हणावी अशी लाट नसते. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. तळाशी तुटक्या प्रवाळांच्या धारदार कडा आणि काटेरी समुद्री साळिंदरे (सी अर्चिन) असतात, शिवाय दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असतो, म्हणून रबरी तळाचे पाणबूट घातल्याशिवाय पाण्यात चालू नये. प्रवाळभिंतीला जिथे खिंडार असते तिथून आतले पाणी वेगाने बाहेर ओढले जाते. अशा जागेच्या जवळ पोहू नये आणि ती कुठे आहे हे पहिल्याच दिवशी स्थानिक नावाड्याला विचारून घ्यावे. मास्क लावून मासे पाहायचे असतील तर सकाळची वेळ उत्तम, कारण तेव्हा वारा कमी आणि पाणी नितळ असते. पट्टीच्या पाणबुड्यांसाठी जवळच समुद्राखाली ‘ला कातेद्राल’ नावाची मोठी कमानदार गुहा आहे, मात्र ती नवशिक्यांची जागा नव्हे.

ऊन हा या गावाचा गुण आहे आणि तोच त्याचा त्रासही. २० अंश दक्षिण अक्षांशावर डिसेंबरातला सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, आणि समुद्रावरून येणाऱ्या गार झुळकेमुळे कातडी भाजते आहे हे संध्याकाळपर्यंत कळतही नाही. अकरा ते तीन हा वेळ सुरूच्या सावलीत, घरात किंवा पठारावर काढावा. गाव पश्चिमाभिमुख असल्यामुळे सूर्य समुद्रात मावळतो. जूनमध्ये तो पावणेसहाच्या सुमारासच बुडतो, तेव्हा सूर्यास्त पाहायचा असेल तर दुपारच्या सहलीवरून वेळेत परतावे. रविवारी आणि सणासुदीला स्थानिक कुटुंबे भांडीकुंडी, तंबू आणि वाद्ये घेऊन किनाऱ्यावर येतात. शांतता हवी असणाऱ्यांनी तो दिवस टाळावा. माणसे पाहण्याची आवड असणाऱ्यांनी तोच दिवस निवडावा.

खाण्याची सुरुवात ढोलपुरीने करावी. पुरणपोळीतला गूळ काढून डाळीत हळद-जिरे घालावे, तसा हा पदार्थ लागतो. चण्याच्या डाळीचे सारण भरलेल्या या मऊ पातळ पोळ्या जोडीने विकल्या जातात आणि आत पावट्याच्या जातीच्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरचीची चटणी घालून गुंडाळून देतात. शाकाहारी माणसाची सकाळ तेवढ्यात भागते. गातो पिमां नावाची डाळीची तिखट भजी पावात घालून खातात, आणि दुपारच्या उकाड्यावर सब्जा व अगर-अगरची (समुद्री शेवाळापासूनची) जेली घातलेले थंडगार दूध, म्हणजे आलुदा, हा उत्तम उतारा आहे. किनाऱ्यावर अननस सोलून चिंच, मीठ आणि मिरची लावून देतात. तो चुकवू नये. बोलीभाषा क्रेओल असली तरी फ्रेंच आणि इंग्रजी सर्वत्र समजते, हिंदीही अनेकांना येते.

एक दिवस तरी किनारा सोडून ज्वालामुखीचे बेट पाहावे. सकाळी लवकर दक्षिणेला निघाले की प्रथम तामारँची खाडी लागते. इथे नदीचे गोडे पाणी समुद्राला मिळते, गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही, त्यामुळे भिंतीला खंड पडून मोठ्या लाटा आत येतात आणि लाटांवर फळी घेऊन खेळणारे तिथे जमतात. याच खाडीत सकाळी डॉल्फिन येतात. रात्रभर खोल पाण्यात शिकार करून ते दिवसा उथळ पाण्यात विसावा घेत असतात, आणि त्या वेळी डझनभर बोटींनी त्यांचा पाठलाग करणे मला तरी पटत नाही. जायचेच असेल तर अंतर राखणारा आणि पर्यटकांना त्यांच्या अंगावर उडी मारायला न लावणारा नावाडी शोधावा. पुढे जुनी मिठागरे आणि ल मोर्नचा ५५६ मीटर उंचीचा कडा दिसतो. पळून गेलेले गुलाम या डोंगरात आश्रय घेत, म्हणून २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याची चढण पहाटे सुरू करावी. अर्धी वाट सोपी आहे, पण वरच्या टप्प्यात हातापायांनी चढावे लागते आणि पावसानंतर तिथे जाऊ नये.

काझ नोआयालहून वळणावळणाचा घाट शामारेलला चढतो. तिथली सप्तरंगी माती म्हणजे बेसाल्ट झिजून उरलेली माती होय. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे तिला तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या छटा आल्या आहेत, आणि त्या उन्हातच खुलतात. तिथून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या सज्जावरून दरी पाहून गंगा तलावाला जावे. हा तलाव ज्वालामुखीच्या मुखात साठलेला असून महाशिवरात्रीला हजारो लोक पायी इथे येतात. त्या दिवसांत मोटार घेऊन या बाजूला फिरकूच नये. काठाशी ३३ मीटर उंचीची मंगल महादेवाची मूर्ती आहे. किनाऱ्यावर घाम येत असला तरी इथे धुके आणि गारवा असतो, म्हणून प्रत्येकाकडे एक पातळ जाकीट असावे. परतीच्या वाटेवर उसाच्या शेतांत रचलेले काळ्या दगडांचे ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी उचललेले ते लाव्हाचे दगड आहेत.

त्या मजुरांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतून मुंबई बंदरावाटे गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातही राहतात. फ्लिक-आं-फ्लाकच्या वरच्या अंगाला असलेल्या कास्कावेल गावात गणेश मंदिर आहे, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत मुक्काम असेल तर मिरवणूक आणि विसर्जन अवश्य पाहावे. कोकणातल्या जाखडी नृत्याची परंपरा तिथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. देवळात जाताना पोहण्याच्या कपड्यांवर जाऊ नये आणि फोटो काढण्यापूर्वी विचारावे. पोर्ट लुईतला आप्रवासी घाट पाहण्यासाठी एक सकाळ वेगळी ठेवावी. १८३४ पासून सुरू झालेल्या करारबद्ध मजुरीत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली, आणि त्यांतली अनेक ज्या पायऱ्या चढून आत आली त्या अजून शाबूत आहेत.

परत निघताना शंख आणि प्रवाळाचे तुकडे सामानात घेऊ नयेत, कारण विमानतळावर ते काढून घेतले जाऊ शकतात. विमान सकाळचे असेल तर क्वात्र बोर्न आणि फिनिक्सच्या बाजूची कचेऱ्यांच्या वेळेची वाहतूक लक्षात घेऊन नेहमीच्या तासाभरावर आणखी तास धरावा, आणि टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी.