जुन्या एसीच्या जागी नवा घेताय? आधी भिंतीतला पाईप बघा

रिकाम्या खोलीत पहिला एसी बसवणं वेगळं आणि जुना काढून नवा बसवणं वेगळं. दुकानदार पहिल्याच कामाबद्दल बोलतो: किती टन, किती स्टार, हप्ता किती. तुमच्याकडे मात्र आधीच एक तांब्याचा पाईप आहे, एक वायर आहे, खिडकीबाहेर एक गंजका स्टँड आहे. नवा एसी नीट चालणार की दुसऱ्याच उन्हाळ्यात गॅस गळून बसणार, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. घरी, नातेवाइकांकडे, सोसायटीत अशी अदलाबदल करून करून माझा क्रम पक्का झालाय: आधी पाईप, मग बाहेरची जागा, मग वॅट, मग स्टार. कंपनी सगळ्यात शेवटी.

दुरुस्ती की बदल, यावर फार खल नको. एसी आर-22 गॅसवरचा असेल आणि कॉम्प्रेसर गेला असेल, तर त्यात पैसे घालू नका. या गॅसवरचे नवे एसी बनवणं भारतात 2024 संपताना बंद झालं आहे.

आता पाईप. इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या आउटडोअरवरची पट्टी पुसून वाचा. आर-22, आर-410ए की आर-32, ते तिथे छापलेलं असतं. फोटो काढून ठेवा. आज दुकानात मिळणारे बहुतेक स्प्लिट आर-32 वरचे असतात आणि त्याचं प्रेशर आर-22 च्या साधारण 1.6 पट असतं. शिवाय आर-22 च्या एसीत मिनरल तेल, तर नव्यात वेगळं सिंथेटिक तेल. त्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, आणि नवं तेल हवेतला ओलावा भराभर शोषून घेतं. जुन्या पाईपच्या आत जुन्या तेलाचा थर राहिलेला असतो. तोच पाईप नव्या एसीला जोडला की तो थर थेट नव्या कॉम्प्रेसरकडे जातो.

फिटिंगवाला म्हणेल, “कॉपर ते कॉपरच साहेब, कशाला नवीन घालताय?” त्याला अर्ध्या तासात काम उरकून पुढच्या घरी जायचं असतं. ऐकू नका. पाईप भिंतीवरून उघडा जात असेल तर सरळ नवा टाका. जाडी 0.8 मिलिमीटर मागा आणि कापलेल्या टोकावर ती मोजून घ्या. कमी जाडीचा पाईप स्वस्त पडतो आणि पहिली गळती त्याच्याच फ्लेअरवर, म्हणजे जोडणीसाठी पसरवलेल्या टोकावर, होते. एसीसोबत बहुधा 3 मीटर पाईप येतो, वरच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे. म्हणून ऑर्डर देण्याआधी इनडोअर ते आउटडोअर वळणांसकट टेपने मोजा.

खरी पंचाईत कन्सिल्ड पाईपची. घराचं इंटिरिअर करताना पाईप भिंतीत गाडलेला, वर पीओपी, त्यावर महागाचा रंग. असा पाईप ठेवायचा असेल तर माझ्या तीन अटी आहेत. जुना एसीही आर-410ए किंवा आर-32 चा असावा. नव्या एसीला लागणारा पाईपचा व्यास तोच असावा. गॅस नेणारा आणि परत आणणारा, अशा दोन्ही पाईपांचे व्यास नव्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असतात. आणि जुना कॉम्प्रेसर जळून गेलेला नसावा, कारण जळताना झालेलं आम्ल पाईपमध्ये उरतं. यातली एक अट चुकली तरी तो पाईप बाद.

तिन्ही जुळल्या तरी चाचणी हवीच. पाईपची टोकं बंद करून आत नायट्रोजन भरायचा, 400 ते 500 पीएसआय दाबापर्यंत, आणि दाब दाखवणारं गेज रात्रभर तसंच ठेवायचं. साध्या हवेच्या कॉम्प्रेसरने ही चाचणी करू देऊ नका, हवेसोबत पाणी आत जातं. ठाण्याला मावशीच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी काटा 450 वर होता, सकाळी 300 च्या खाली. भिंतीत कुठे गळतंय ते शोधायला अर्धी भिंत फोडावी लागली असती. मी तो पाईप भिंतीतच मेलेला सोडायला लावला आणि नवा पाईप खिडकीच्या वरून पांढऱ्या पट्टीत घेतला. मावशी अजून म्हणते, “मेलं ते दिसतं कसं!” दिसू दे. गॅस जागेवर आहे.

भिंतीतल्या ड्रेनच्या पाईपमध्येही एक तांब्या पाणी ओतून बघा. बाहेर तेवढंच पडलं पाहिजे.

जोडणी झाली की पाईपातली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप. यात तडजोड नाही. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून पाईपातली हवा “फुस्स” करून काढणारे अजून खूप आहेत. त्याने ओलावा निघत नाही, मोजून भरलेला गॅस कमी होतो, आणि आर-32 थोडाफार ज्वलनशील आहे तो वेगळाच. पंप किमान 20-25 मिनिटं चालला पाहिजे. नंतर तो बंद करून गेजचा काटा जागेवर राहतो का ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा. बुकिंग करतानाच विचारा: “पंप आणणार ना?” उत्तरात घुटमळला तर दुसरा माणूस बघा.

बाहेरची जागा. पाच स्टारचे आउटडोअर जुन्या खोक्यापेक्षा बरेचदा मोठे असतात. जुन्या ग्रिलच्या पिंजऱ्यात बसेल का, पंख्यासमोर मोकळी जागा राहील का, सर्व्हिसिंगला माणसाचा हात पोहोचेल का, हे मापं घेऊन ठरवा. स्टँड नवाच घ्या.

टन हा शब्द विसरा, वॅट वाचा. हे वॅट थंड करण्याच्या क्षमतेचे, विजेच्या वापराचे नव्हेत. एक टन म्हणजे 3517 वॅट, म्हणजे दीड टन सुमारे 5275. पण “दीड टन” म्हणून विकले जाणारे कितीतरी एसी 4700-4800 वॅटचेच असतात. खरा आकडा स्टारच्या लेबलवर असतो. तोही बाहेर 35 अंश असताना मोजलेला. नागपूर-चंद्रपूरला 45 अंशांत तेवढं थंड होणार नाही, तिथे वरच्या मजल्यावर अर्धा टन जास्तच घ्या. मुंबई-कोकणात उलटं: गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून मंदावतो आणि दमटपणा तसाच राहतो.

स्टारचा हिशेब सोपा आहे. लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांचे असतात. तुम्ही चार महिने रात्री आठ तास लावत असाल तर झाले साधारण 960 तास, म्हणजे तो आकडा गुणिले 0.6. दोन मॉडेलमधला फरक 200 युनिटांचा असेल तर तुमच्यासाठी तो 120. याला सरासरी दराने नव्हे, तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबच्या दराने गुणा, कारण एसीचे युनिट वरच पडतात. दिवसभर घरून काम करणाऱ्याने पाच स्टार घ्यावा. पाहुण्यांच्या खोलीला तीन पुरे. लेबलचा कालावधीही वाचा, निकष मधूनमधून कडक होतात आणि जुन्या साठ्यातले पाच स्टार नव्या निकषात चारच भरू शकतात.

तांब्याची कॉइल घ्या. खाडी किंवा नाल्याजवळ राहत असाल तर तांबंही लवकर खराब होतं, तिथे कॉइलवरच्या वॉरंटीच्या अटी बारीक अक्षरांसकट वाचा. वायफाय, चार दिशांचा झोत, सात प्रकारचे मोड यांना पैसे देऊ नका.

कंपनी? तुमच्या गावात जिचं सर्व्हिस सेंटर आहे ती.

जुना एसी चालू स्थितीत असेल तर काढण्याआधी पंप-डाऊन करायला सांगा, म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये गोळा होतो. एक्स्चेंजचा भाव आणि भंगारवाल्याचा भाव दोन्ही विचारा. भंगारवाला जास्त देतो, पण तो तुमच्या गच्चीवरच पाईप कापून गॅस हवेत सोडणार असेल तर एक्स्चेंजच करा.